क उमटत नाही, ग उमटत नाही: कीबोर्ड, माऊस आणि खारा वारा

हर्णै बंदराजवळ सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ताईंनी चार तक्रारी एकदम लिहून पाठवल्या आहेत. पाऊस लागला की दरवर्षी कीबोर्डची काही बटणं जातात. या वेळी मराठीत क आणि ग उमटत नाहीत, इंग्रजीत आय, के, ८ चा आकडा आणि स्वल्पविराम गेलेत. माऊस एकदा दाबला तरी दोनदा दाबल्यासारखा वागतो, आणि लॅपटॉपच्या टचपॅडवर बाण आपोआप उड्या मारतो. मराठी टायपिंग सुरू केल्यापासून बारकोड स्कॅनर भलतीच अक्षरं टाकतो. आणि काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या, मासळी कापणाऱ्या बायकांचे अंगठे मशीन घेतच नाही. हे सगळं का होतं आणि नवीन काय घ्यावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, नवीन घेण्याची घाई करू नका. गेलेल्या बटणांची नावं लिहून पाठवलीत, हे फार चांगलं केलंत. मी रत्नागिरीत दुरुस्तीचं काम करतो, माऊसच्या पोटात रबरी गोळा असायचा तेव्हापासून. येणारे बहुतेक लोक ‘कीबोर्ड गेला’ एवढंच सांगतात. तुमच्या यादीत मात्र निम्मं निदान आलेलं आहे. कीबोर्ड समोर घ्या आणि बघा: वर ८, त्याच्या खाली आय, त्याच्या खाली के, त्याच्या खाली स्वल्पविराम. एकाच तिरक्या ओळीत. चार बटणं एका दिवशी झिजून जात नसतात. त्या चारांची वाट एक आहे आणि ती कुठेतरी तुटली आहे.

वाट म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कीबोर्डला शंभराच्या वर बटणं असतात. प्रत्येकाला दोन स्वतंत्र तारा द्यायच्या म्हटल्या तर दोनशे तारांचा गुंता होईल. म्हणून आत एक जाळं असतं, काही उभ्या रेघा आणि काही आडव्या. जिथे उभी आणि आडवी एकमेकींवरून जातात, तिथे एक बटण बसवलेलं असतं. बटण दाबलं नाही तोवर त्या दोन रेघा एकमेकींना शिवत नाहीत. आतली छोटी चिप एकेका उभ्या रेघेला क्षणभर वीज देते आणि कुठल्या आडव्या रेघेतून ती परत आली ते बघते. सेकंदाला शेकडो वेळा ती सगळं जाळं असं चाचपत असते. ‘सहावी उभी, तिसरी आडवी’ एवढंच तिला समजतं. क की ग, अक्षर की आकडा, यातलं तिला काहीही माहीत नसतं. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, स्कॅनरच्या वेळी पुन्हा लागेल.

आता एक साधा स्वस्त कीबोर्ड उघडला तर काय दिसतं ते सांगतो. मागचे स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं की प्लॅस्टिकचे तीन पारदर्शक पापुद्रे एकावर एक ठेवलेले दिसतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीच्या शाईने रेघा छापलेल्या असतात. मधला पापुद्रा कोरा, त्याला फक्त बटणांच्या जागी भोकं. त्यांच्यावर रबराच्या टोप्या. बटण दाबलं की टोपी दबते, वरचा पापुद्रा भोकातून खाली वाकतो आणि वरची शाई खालच्या शाईला टेकते. सगळी करामत एवढीच. पापुद्र्याची एक पट्टी जिभेसारखी बाहेर आलेली असते, ती एका छोट्या सर्किटच्या पाटीवर दाबून बसवलेली असते. सगळ्या उभ्या-आडव्या रेघा या जिभेतून चिपपर्यंत जातात.

गेल्या वर्षी बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्यातला कीबोर्ड आला होता, त्याचा वरचा पापुद्रा मी उजेडात धरला. एक रेघ सरळ चालली होती, मध्येच नखाएवढ्या जागेत ती काळी पडून नाहीशी झाली होती, आणि पुढे पुन्हा चकचकीत. त्या काळ्या जागेच्या भोवती दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाण्याचा एक पातळ डाग अडकलेला होता, बोटाने दाबला की सरकणारा. मालक सांगत होते, पाणी कधी सांडलंच नाही. ते खरंच बोलत होते. ते पाणी हवेतलं होतं.

आपल्याकडे हे सगळं मिरगाच्या आसपासच का सुरू होतं, याचं उत्तर मिठात आहे. उन्हाळाभर पश्चिमेचा वारा समुद्राचे तुषार घेऊन येतो. त्यातलं पाणी उडून जातं, मीठ बारीक पूड होऊन सगळीकडे बसतं: खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यावर, कीबोर्डच्या फटीत. कोरडं मीठ वीज वाहत नाही, म्हणून मे महिन्यात सगळं ठीक चालतं. पण साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याच्याही आधी ओलावतात. आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ७५ टक्क्यांच्या खाली हवा येते तरी कधी? म्हणजे उन्हाळ्यात जमलेली पूड जूनमध्ये एकदम खाऱ्या पाण्याचा थर होते. तो थर दोन पापुद्र्यांच्या फटीत आपोआप शिरतो, जशी वात तेल ओढते. त्यात चांदीच्या रेघांमधून वीज खेळत असते, त्यामुळे चांदी एका रेघेवरून सुटून दुसरीकडे सरकू लागते. एक रेघ तुटते, नाहीतर शेजारच्या दोन रेघा एकमेकींना मिळतात. तुटली तर बटणांची अख्खी ओळ मरते. मिळाल्या तर एक बटण दाबलं की दोन अक्षरं येतात, किंवा कोणी हातही न लावता एकच अक्षर धावत सुटतं.

म्हणून माझं सांगणं असं की कीबोर्डची सफाई ही आगोटीच्या कामात धरा. लाकडं भरतो, मिरच्या-मसाले करून ठेवतो, सुकी मासळी बांधून ठेवतो, त्याच आठवड्यात हेही उरकायचं. मीठ पडलेलं असतं मे महिन्यातच. जूनमध्ये फक्त त्याचा परिणाम दिसतो.

सफाई कशी करायची यात बहुतेक जण चुकतात. बाजारातला स्प्रे मारतात, किंवा आयपीए म्हणजे सर्किट पुसायचं स्पिरिट ओततात. स्पिरिटने तेलकटपणा जातो, पाणी उडून जातं, पण मीठ त्यात नीट विरघळत नाही. मिठाला पाणीच हवं. मात्र नळाचं किंवा विहिरीचं नको, त्यात पुन्हा क्षार. गॅरेजमध्ये मिळतं ते बॅटरीचं पाणी घ्या. कीबोर्ड खोलून पापुद्रे सुटे करायचे, मऊ कपडा त्या पाण्यात भिजवून दोन्ही बाजू पुसायच्या, मग स्पिरिटचा हात फिरवायचा आणि वाळवायचं. शाईच्या रेघा घासायच्या नाहीत, हलक्या हाताने पुसायच्या. काही कीबोर्डमध्ये पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, ते ओढून सोडवायला जाऊ नका, रेघा सोलून निघतात.

वाळवण्याची आपली जुनी युक्ती अजून तोडीस तोड आहे: लाकडी खोक्यात किंवा जुन्या कपाटात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा. हवा साधारण दहा अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते. बाहेर ९० टक्के असली तरी कपाटात पंचेचाळीस-पन्नास. बल्ब वस्तूला चिकटून नको, एवढंच जपा. केसांच्या ड्रायरने मात्र वाळवू नका, पापुद्रे वाकतात आणि एकदा वाकलेला पापुद्रा पुन्हा सपाट होत नाही.

याच कारणाने चालू मशीनपेक्षा बंद मशीन लवकर मरतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमच्या दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती, हे तुम्ही भोगलंच आहे. वीज आल्यावर माझ्याकडे जी यंत्रं आली, त्यातली बरीचशी वादळात भिजलेली नव्हती. नुसती बंद राहिली होती, तीही प्लॅस्टिकच्या कव्हराखाली. शाळांच्या संगणक खोल्यांचंही असंच होतं, मेची सुट्टी संपून कुलूप उघडतं ते नेमकं पावसात. प्लॅस्टिकचं कव्हर ओल बाहेर जाऊ देत नाही. सुती कापड घाला आणि आठवड्यातून दोनदा तरी तासभर मशीन चालू ठेवा.

आणि भिजलंच तरी धीर सोडू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतर महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. वाशिष्ठीच्या चिखलात बुडालेले कीबोर्ड ज्यांनी लगेच स्वच्छ पाण्याने धुवून आणले, त्यातले बरेच चालू झाले. ‘पाणी लावलं तर अजून बिघडेल’ म्हणून ज्यांनी तो गाळ तसाच वाळू दिला, ते हाती लागले नाहीत. वस्तू आधी विजेपासून सोडवायची आणि ओली आहे तोवरच धुवायची.

आता स्कॅनरकडे येतो, कारण तुमच्या चार तक्रारींत हीच एक अशी आहे जिच्यात काहीही बिघडलेलं नाही.

चिपला फक्त जागा कळते, असं वर म्हटलं. त्या जागेचा ती एक ठरलेला क्रमांक करते आणि यूएसबीच्या वायरीतून पाठवते. इंग्रजी ए च्या बटणाचा क्रमांक ४, बी चा ५, असं करत के चा १४. हे क्रमांक जगभर सारखेच. नेहमीचा कीबोर्ड आठ बाइटचं एक पुडकं पाठवतो: पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, आल्ट यांचे बिट, दुसरा मोकळा, आणि उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या बटणांचे क्रमांक. पुडकं संगणकात पोचलं की विंडोज बघतं, आत्ता भाषा कुठली निवडली आहे. इंग्रजी असेल तर १४ चा के होतो. मराठी इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी, असेल तर तोच १४ क होतो. म्हणूनच तुमचं के आणि क एकाच वेळी गेलं, आय आणि ग एकाच वेळी गेलं. अक्षर कीबोर्डमध्ये नसतंच, ते संगणकात ठरतं.

बारकोड स्कॅनर संगणकाला स्वतःची ओळख ‘मी कीबोर्ड आहे’ अशीच सांगतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर उजेड टाकतो, परत आलेल्या उजेडातून मजकूर वाचतो, आणि जणू कोणी भराभर टाइप करतंय असे क्रमांक पाठवतो. कोडमध्ये मोठा के असेल तर तो शिफ्टचा बिट आणि १४ पाठवतो. भाषा मराठीवर असली की इन्स्क्रिप्टमध्ये त्याचा ख होतो. मोठ्या ए चा ओ होतो. स्कॅनरने बरोबरच वाचलेलं असतं. स्कॅन करण्याआधी विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा इंग्रजी करा. रोज विसरायला होत असेल तर विंडोजच्या टायपिंगच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याची सोय आहे, ती चालू करा. म्हणजे अर्जाच्या खिडकीत मराठी आणि बिलाच्या खिडकीत इंग्रजी राहील.

इन्स्क्रिप्टबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही ते शिकताय याचा मला आनंद आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात या मांडणीचा समावेश आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना तीच. सुरुवातीला हात अडतो, पण महिनाभरात बसतो, आणि मराठीचे बारकावे त्यात चोख उमटतात. आपलाच शब्द घ्या. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे घाटातल्या. पहिल्यासाठी दाबायचं: द, र, हलन्त, य, काना. दुसऱ्यासाठीही हीच पाच बटणं याच क्रमाने, फक्त र दाबताना शिफ्ट धरायचा. त्याने नुक्त्याचा ऱ येतो आणि पुढचा हलन्त-य त्याला चंद्रकोरीसारखा जोडून घेतो. कीबोर्डकडून निघालेल्या पुडक्यात फरक पडतो तो एका बिटाचा. इंग्रजी अक्षरांतून मराठी टायपिंग करणाऱ्यांचे कितीतरी अर्ज मी पाहतो, ज्यात ‘दुसऱ्या’ ऐवजी ‘दुसर्या’ छापलेलं असतं. तुमच्या केंद्रातून जाणाऱ्या कागदावर ते नीट असावं असं मला मनापासून वाटतं.

माऊसचा दोनदा दाबण्याचा आजार. माऊस उघडलात तर डाव्या बटणाखाली काळी, चौकोनी, चवळीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी डबी दिसेल. तो मायक्रोस्विच. नखाने तिचं टोपण उचललं की आत तांब्याच्या मिश्रधातूची कागदाएवढी पातळ पट्टी असते, कमानीसारखी ताणलेली. दाबलं की ती टक्‌ करून पलटते आणि खालच्या बिंदूवर आपटते. आता कुठलीही धातूची पट्टी आपटली की काही मिलिसेकंद थरथरते, कॉन्टॅक्ट लागतो-सुटतो-लागतो. माऊसची चिप हे ओळखून असते. पहिल्या स्पर्शानंतर थोडा वेळ ती पुढच्या स्पर्शांकडे लक्ष देत नाही. पट्टी नवी असते तोवर थरथर त्या वेळेच्या आत संपते. खाऱ्या हवेने पट्टीच्या टोकावर गंज धरला आणि ताण सैल झाला की ती जास्त वेळ अडखळते, आणि चिपला तो दुसरा क्लिक वाटतो. पूर्वीच्या घरातल्या दिव्यांच्या बटणांत वीज जोरात खेळायची, ठिणगीने गंज जळून जायचा. माऊसमधली वीज इतकी कमी की गंज तसाच साठत जातो.

स्पिरिटचा थेंब टाकून पंधरा-वीस वेळा टकटक केलं तर काही दिवस बरं चालतं. कायमचा इलाज म्हणजे स्विच बदलणं. तीन पायांचा डाग, म्हणजे सोल्डर, सोडवून ते काढायचे आणि नवा लावायचा, दहा मिनिटांचं काम. उजव्या बटणाचा स्विच सहसा कमी वापरलेला असतो. नवा हाताशी नसेल तर मी डावा-उजवा बदलून देतो.

माऊसचा बाण अडकत असेल तर टेबल बघा. आजचा माऊस म्हणजे एक चिमुकला कॅमेरा आहे. खालचा दिवा टेबलावर तिरका उजेड टाकतो, कॅमेरा सेकंदाला हजारच्या वर बारीक फोटो काढतो, आणि एका फोटोतला खडबडीतपणा पुढच्या फोटोत किती सरकला यावरून चिप हालचाल मोजते. काचेवर किंवा घोटलेल्या ग्रॅनाइटवर खडबडीतपणाच दिसत नाही. खाली साधा कागद ठेवला तरी भागतं. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर माऊस चालवून दाखवला, त्यात हालचाल मोजायला दोन चाकं होती. मग गोळा आला. गोळ्यासोबत आत जाणारा मळ नखाने खरवडणं हे माझं सुरुवातीचं रोजचं काम होतं. कॅमेरा आल्यापासून माऊसचा तो आजार गेला, स्विचचा तेवढा राहिला.

टचपॅडच्या उड्यांकडे मात्र गंभीरपणे बघा, कारण तिथे प्रश्न लॅपटॉपचा नसून तुमच्या जागेचा असू शकतो. टचपॅडच्या आतही उभ्या-आडव्या रेघांचं जाळं आहे, पण तिथे काही टेकत नाही. रेघांमध्ये विजेचं एक सूक्ष्म क्षेत्र असतं. बोट जवळ आलं की शरीर त्यातला थोडा भाग ओढून घेतं, आणि कुठे किती कमी झालं यावरून चिप बोटाची जागा काढते. हा फरक इतका लहान असतो की ओल्या हाताचा एक थेंबही बोटासारखा भासतो, आणि खाऱ्या पाण्याचा तर हमखास. फोनच्या पडद्याचंही हेच तत्त्व. मासळी बाजारात ओल्या हाताने फोन चालत नाही तो त्यामुळेच.

पण कोरड्या हातानेही बाण उडत असेल तर एक परीक्षा करा. चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. बाण लगेच शांत झाला तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा आहे. चार्जरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी कपॅसिटर असतात, त्यांतून थोडी वीज अर्थच्या तारेत जायची असते. अर्थ नसेल तर ती लॅपटॉपच्या अंगावर राहते. धातूच्या कडेवरून मनगट फिरवलं की झिणझिण्या येतात त्या याच. मग तुमचं बोट टेकलं की टचपॅडला बोटासोबत तो गोंगाटही मोजावा लागतो. आपल्याकडे घरं जांभ्यावर, कातळावर. अर्थिंगचा खड्डा पावसात ओला असतो तेव्हा ठीक, पण मार्च ते मे जमीन कोरडी ठणठणीत झाली की तिचा विरोध वाढतो आणि अर्थ नावापुरता राहतो. वायरमन बोलावून अर्थ मोजून घ्या, खड्ड्यात कोळसा-मीठ पुन्हा भरून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावू नका. तुमच्या खोलीत लोक ओल्या पायांनी येतात. हा विषय टचपॅडपुरता नाही.

आता अंगठे. याबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचं होतं, कारण इथे यंत्र चुकलं की माणसाला हात हलवत परत जावं लागतं.

तुमच्याकडचं मशीन बहुधा काचेचं असेल. आत प्रिझम असतो. खालून टाकलेला उजेड काचेच्या वरच्या पृष्ठभागावरून पूर्ण परावर्तित होऊन कॅमेऱ्याकडे जातो. बोटावरचे उंचवटे काचेला जिथे टेकतात तिथे तो उजेड फुटतो, म्हणून ती जागा काळी दिसते. उंचवट्यांमधल्या खाचांत हवा असते, तिथे उजेड तसाच परत येतो. म्हणजे चित्र तयार होण्यासाठी दोन गोष्टी हव्यात: उंचवट्याने नीट टेकायला हवं, आणि खाचेत हवाच असायला हवी. आता मासळी कापून थेट आलेल्या मावशींचा अंगठा बघा. खाचेत पाणी भरलेलं, त्यामुळे सगळा अंगठा एक काळा डाग. शिवाय पाण्यात राहून कातडी सुरकुतलेली. त्यांना टॉवेल द्या, दहा-पंधरा मिनिटं बसवा, मग घ्या. बहुतेक वेळा जमतं. काजू सोलणाऱ्या बाईंचं उलटं. काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो, तिचे पापुद्रे निघतात, उंचवटे सपाट होतात आणि बोट कोरडं पडतं. काचेला ते अर्धवटच टेकतं, चित्र फिकं आणि तुटक येतं. त्यांना बोटावर गरम श्वास सोडायला सांगा, किंवा ओल्या कपड्याला बोट जरासं लावून मग टेकवायला सांगा. खोबरेल मात्र लावू नका. तेल खाचांत भरतं, काचेवर थर सोडतं आणि पुढच्या दहा जणांचं काम बिघडवतं. प्रत्येक चार-पाच माणसांनंतर काच मऊ कोरड्या कपड्याने पुसा, आधीच्या माणसाचा ठसा तिथे बसलेला असतो.

आणि एक गोष्ट बऱ्याच केंद्रांत कोणी करतच नाही. आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. उजव्या अंगठ्याचा हट्ट धरायचं कारण नाही. काजू सोलताना, सुरी धरताना अंगठा आणि तर्जनी सर्वांत जास्त झिजतात. अनामिका बऱ्यापैकी शाबूत असते. डाव्या हाताची अनामिका घेऊन बघा. बोटाचं टोक न टेकवता मधला फुगीर भाग सपाट टेकवा, आणि दाबू नका, दाबलं की उंचवटे चेपून खाचा बुजतात. तरीही नाही झालं तर डोळ्याची बुबुळं, चेहरा किंवा मोबाइलवरचा ओटीपी यांतलं जे त्या योजनेत चालत असेल ते वापरा, आणि आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्यायला सांगा, शक्यतो कारखाना बंद असतो त्या दिवसांत, कातडी भरून आल्यावर. एका म्हाताऱ्या आजींना माझ्यासमोर कोणीतरी म्हणालं होतं, ‘तुमचा अंगठाच खराब आहे.’ त्या अंगठ्याने पन्नास वर्षं काम केलंय. खिडकीपलीकडून असं बोललं जाऊ नये, हे तुमच्या मदतनिसांनाही सांगून ठेवा.

खरेदीचं थोडक्यात. वायरचा, साधा मेम्ब्रेनचा (म्हणजे वर सांगितलेल्या पापुद्र्यांचा), तळाला पाणी निघून जायला भोकं असलेला आणि स्क्रूने उघडणारा कीबोर्ड घ्या, आणि दुसरा एक हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्या घालून ठेवा. मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, हाताला छान लागतो, त्याचं प्रत्येक बटण सुटं बदलता येतं, पण उघडे स्विच आपल्या हवेत तेवढेच गंजतात आणि पैसे बरेच पडतात. वायरलेस नकोच, सेलच्या स्प्रिंगा हिरव्या पडतात. लॅपटॉपला बाहेरचा कीबोर्ड-माऊस लावून काम करा. आतला गेला तर निम्मा लॅपटॉप खोलावा लागतो. रबरी कव्हर उन्हाळ्यात मीठ अडवतं, तेव्हा जरूर वापरा, पाऊस लागला की काढून ठेवा.

पण त्याआधी हातातला कीबोर्ड उघडा. पापुद्र्याची जीभ पाटीवर बसते तिथले स्क्रू सोडवा. पाटीवरच्या तांब्याला हिरवं आणि जिभेवरच्या टोकांना काळं धरलंय का बघा. तसं असेल तर पाटीची टोकं शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, जीभ फक्त पुसा, दोन्ही बॅटरीच्या पाण्याने आणि मग स्पिरिटने साफ करा, वाळवा आणि स्क्रू सारखे आवळून बसवा. सैल स्क्रूनेही अशीच एक ओळ जाते. तिथे सगळं स्वच्छ असेल तर पापुद्रा खिडकीसमोर धरा आणि के च्या जागेवरून निघणारी रेघ बोटाने शोधत जिभेपर्यंत या. जिथे ती काळी पडून तुटली असेल तिथे वीज वाहणाऱ्या चांदीच्या शाईच्या पेनने (नुसता चांदीच्या रंगाचा पेन चालत नाही), तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, बारीक रेघ ओढून दोन्ही टोकं जोडा आणि रात्रभर बल्बच्या कपाटात ठेवा. सोल्डरचा डाग द्यायला जाऊ नका, पापुद्रा वितळेल. सकाळी जोडा आणि पहिला शब्द ‘कोकण’ टाइप करून बघा, त्यात क दोनदा येतो. रेघ सापडली नाही तर पापुद्र्याचा उजेडासमोर धरलेला फोटो पाठवा, मी खूण करून देतो.